पान पिवळे का पडते?



या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्या मानाने आजचा विषय अगदीच घरगुती आहे. घरातल्या मनीप्लँटचे पान पिवळे पडले तर काय करावे, एवढाच तो प्रश्न. परंतु आपल्यापैकी कितीजणांच्या घरी ही वेल आहे असे मी विचारले, तर बहुतेक हात वर होतील; आणि त्यांपैकी कितीजणांच्या वेलीचे पान कधी ना कधी पिवळे पडले असे विचारले, तर वर गेलेला एकही हात खाली येईल असे मला वाटत नाही. तेव्हा विषय लहान असला तरी त्याची ओळख सर्वांना आहे, या भरवशावर मी आपला तासभर घेणार आहे.

आरंभ एका वेलीच्या हकिगतीने करतो. आमच्या शेजारी एक काकू राहतात. पेठेतला त्यांचा जुना वाडा पाडला गेला आणि त्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहावयास आल्या. वाड्यातून आणण्यासारखे पुष्कळ होते, पण नव्या घरात जागा थोडी. पाटावरवंटा गेला, शिसवी पलंग गेला. चौकातल्या खांबावर चढलेली मनीप्लँटची वेल मात्र त्यांनी सोडली नाही, कारण ती त्यांच्या सासूबाईंनी लावलेली होती. वाड्यात ती तेलाच्या एका जुन्या डब्यात वाढत होती. नव्या दिवाणखान्यात तो डबा कसा शोभणार? म्हणून मुलाने हौसेने चिनी मातीची एक देखणी, निळी कुंडी आणली, आणि वेल तिच्यात आली.

दोन महिन्यांत पाने पिवळी पडू लागली. काकूंना वाटले, वेल तहानलेली आहे. त्यांनी एका तांब्याऐवजी दोन तांबे पाणी घालण्यास सुरुवात केली. पिवळेपणा वाढला. मग कोणी सांगितले म्हणून चहाचा चोथा घातला. आणखी कोणी सांगितले म्हणून मातीत गंजलेले खिळे खोचले. नंतर रोपवाटिकेतून खताची पुडी आली. शेवटी, घरात हिला उजेड कमी पडत असेल असा विचार करून कुंडी गॅलरीत भर उन्हात ठेवली. तेव्हा उरलेल्या पानांवर पांढुरके, करपल्यासारखे डाग पडले. वनस्पतिशास्त्र शिकवणारा मनुष्य शेजारी राहतो याची आठवण त्यानंतर झाली आणि मला बोलावणे आले. तोपर्यंत पाच उपचार झाले होते, आणि निदान एकही झाले नव्हते.

नाडी पाहिल्यावाचून मात्रा देणाऱ्या वैद्याला आपण दारात उभे करणार नाही. झाडाच्या बाबतीत मात्र आपण सगळेच तसले वैद्य असतो. पान पिवळे दिसले की हात आपोआप तांब्याकडे जातो. हा हात क्षणभर थांबावा आणि डोळ्यांनी आधी काम करावे, एवढेच आजच्या व्याख्यानाचे तात्पर्य आहे.

वैद्य रोग्याला प्रथम त्याचे गाव आणि राहणी विचारतो. आपणही तेच करू. या वेलीचे मूळ गाव पॅसिफिक महासागरात, ताहितीच्या शेजारी असलेले मूरेआ हे लहानसे बेट होय. १८८० मध्ये युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले ते पोथॉस या नावाने. पुढे तिची नावे अनेकदा बदलली, आणि १९६४ मध्ये तिला एपिप्रेम्नम ऑरियम हे आजचे नाव मिळाले. ऑरियम म्हणजे सोनेरी. आपले अळू आणि सुरण तिच्याच कुळातले. अळू खाजते ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तसेच स्फटिक या वेलीतही असतात. म्हणून छाटणी झाल्यावर हात धुवावेत आणि रांगत्या मुलाच्या किंवा मांजराच्या तोंडी तिचे पान जाऊ देऊ नये.

आपल्या गावच्या रानात ही वेल मोठ्या वृक्षांच्या छायेत जमिनीवर सरपटते, आणि एखादे खोड सापडले की त्याला मुळांनी धरून वर चढते. वर गेलेल्या वेलीचे पान हातभर लांब होते आणि कडेने चिरत जाते. आपल्या दिवाणखान्यातले तळहाताएवढे पान हे तिचे बालवयातले रूप आहे. या राहणीतून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. तिला उजेड हवा, पण पानापानांतून गाळून आलेला. तिला बारमाही ऊब हवी. आणि पाऊस कितीही पडला तरी तिची मुळे असतात ती पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात, जिथे पाणी येते आणि लगेच निघून जाते. आपल्या घरात या तिन्ही गोष्टी बदलतात. पिवळ्या पानांची बहुतेक कारणे या बदलांतच सापडतात.

आता पिवळेपणा म्हणजे काय ते पाहू. पानाला हिरवा रंग देणारे जे हरितद्रव्य, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील अशा संशोधनाबद्दल रिचर्ड विलस्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे हरितद्रव्य एकदा तयार झाले की संपले, असे नसते. ते पानात सतत मोडत असते आणि सतत नव्याने बनत असते. त्याच्याच सोबतीला प्रत्येक हिरव्या पानात पिवळी रंगद्रव्येही असतात. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याची ती भावंडे. हिरव्या रंगाच्या दाटीत ती दिसत नाहीत इतकेच. हरितद्रव्याची घडण थांबली किंवा मोड घडणीपेक्षा वाढली, की पडदा सरकतो आणि आतला पिवळा रंग दिसू लागतो.

याचा अर्थ असा की पिवळेपणा हा स्वतः रोग नव्हे. माणसाला जसा ताप, तसा पानाला पिवळेपणा. ताप मलेरियाचा असेल, विषमज्वराचा असेल किंवा साध्या पडशाचाही असेल. कारखाना थांबला एवढेच पान आपल्याला सांगते. कच्चा माल संपला, वाहतूक बंद पडली, वीज गेली, की कामगार म्हातारा झाला, हे आपण शोधून काढायचे असते.

मनीप्लँटच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. ही वेल निरोगी असतानाच अर्धी पिवळी असते. पानावरच्या सोनेरी पट्ट्यांतील पेशींमध्ये हिरवे कण नीट घडलेलेच नसतात. हे सोने आणि रोगाचा पिवळेपणा यांतला भेद ओळखणे कठीण नाही. सोनेरी पट्टा पान उलगडते तेव्हापासून असतो, त्याची कड स्पष्ट असते, तो टणक व तुकतुकीत असतो आणि दिवसागणिक पसरत नाही. रोगाचा पिवळेपणा मागाहून येतो, पसरतो, आणि पान मलूल करून जातो. याच्या उलट, काळोख्या कोपऱ्यातल्या वेलीची नवी पाने निखळ हिरवी येऊ लागतात आणि सोने नाहीसे होते. घरच्या मंडळींना वाटते वेल सुधारली. खरे पाहता तिला उजेड कमी पडतो आहे, म्हणून ती मिळेल तेवढी जागा हिरव्या रंगाच्या कामाला लावते आहे.

आता तपासणीकडे वळू. पिवळे पान दिसताच स्वतःला चार प्रश्न विचारावेत. कोणते पान? पानाचा कोणता भाग? किती वेगाने? आणि गेल्या महिनाभरात आपल्या हातून काय बदलले?

पहिला प्रश्न, कोणते पान: बुडाकडचे जुने की शेंड्याकडचे नवे? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे कारण झाडाच्या घरातल्या रीतीत आहे. दुष्काळात घरातली थोरली माणसे आपल्या ताटातला घास धाकट्यांना देतात. वेलीतही असेच घडते. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात नेता येतात. यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला पोचवते. म्हणून जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम यांची गोष्ट वेगळी. ती एकदा जिथे बसली तिथून सहसा हलत नाहीत. त्यांचा पुरवठा तुटला की जुनी पाने हिरवीगार राहतात आणि कोवळी पाने मात्र बिघडलेलीच जन्माला येतात. लोह कमी पडले तर नव्या पानात शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग फिका, अशी जाळी दिसते.

यावरून एक दिलाशाची गोष्ट निघते. बुडाचे एखादे पान महिन्या दोन महिन्यांनी पिवळे पडून गळले आणि शेंडा जोमाने वाढतो आहे, तर चिंता करू नये. ते पिकले पान आहे. जाण्यापूर्वी त्याने आपली शिदोरी वेलीला परत दिलेली असते. ते पुरते पिवळे होईपर्यंत खुडण्याची घाई करू नये. परंतु आठवड्यात चार पाने एकदम गेली, किंवा जुनी नवी सगळीच फिकी पडली, तर गोष्ट वयाची नाही हे समजावे.

लोहाचा उल्लेख आला म्हणून खिळ्यांविषयी दोन शब्द सांगतो. लोहाच्या क्षाराने पानांचा फिकेपणा जातो हे फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी १८४० च्या दशकातच दाखवून दिले होते. म्हणून खिळ्यांच्या कल्पनेत सत्याचा अंश आहे. परंतु मातीत लोह मुळात थोडे नसते. आपल्या दख्खनच्या चुनखडीच्या मातीत, किंवा बोअरच्या जड पाण्यामुळे अल्कधर्मी झालेल्या कुंडीत, ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. तिथे गंजाची भर घालणे म्हणजे कुलूप लागलेल्या कोठीत आणखी एक पोते नेऊन ठेवणे होय. कुंडी ओलीचिंब राहून मुळे दुबळी झाली असतील तरीही नवी पाने अशीच फिकी येतात. तेव्हा कुलूप उघडावे, म्हणजे माती बदलावी आणि मुळे सुधारावीत. पोती वाढवू नयेत.

दुसरा प्रश्न, पानाचा कोणता भाग. टोक आणि कड तपकिरी, कुरकुरीत झाली असेल आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर क्षार साचले आहेत. जड पाणी किंवा जास्त झालेले खत त्याच्या मुळाशी आहे. अशा वेळी चांगले पाणी भरपूर ओतून ते बुडातून वाहू द्यावे आणि दोन महिने खत बंद ठेवावे. काठावर थर नसेल आणि माती वारंवार कोरडी ठणठणीत पडत असेल, तर कारण तहान हेच असते. उन्हाच्या बाजूच्या पानांवरच मधोमध पांढुरके कोरडे चट्टे आले, तर ते उन्हाने भाजणे होय. तो चट्टा भरून येत नाही, पण पडद्याआड नेल्यास पुढली पाने वाचतात. पानावर ओलसर, गडद ठिपके आणि त्याभोवती पिवळे वलय असेल, तर बुरशी किंवा जिवाणूंचा संशय घ्यावा. तसली पाने कापून टाकावीत, कात्री पुसून घ्यावी आणि पानांवर पाणी शिंपडणे थांबवावे.

सुईने टोचल्यासारखे असंख्य बारीक पिवळे ठिपके पानभर दिसले, तर पान उलटे करून पाहावे. लाल कोळी नावाची कीड कोरड्या, उष्ण हवेत मागील बाजूला राहून रस शोषते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली आणि कागदावरचे ठिपके चालू लागले, की निदान झाले. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका असेल तर तो पिठ्या ढेकूण. दोहोंवर पहिला उपाय एकच, पाण्याची धार आणि ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे. तो दर चार दिवसांनी तीनचार वेळा करावा लागतो. एकदा पुसून कीड जात नाही, कारण अंडी मागे राहतात.

तिसरा प्रश्न वेगाचा. रात्रीतून झालेला बिघाड बहुधा थंडी, ऊन किंवा खताचा अतिरेक यांचा असतो. ही वेल दहा अंशांखालील थंडी सोसत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी पौष महिन्यात काही रात्री पारा त्याखाली जातो, आणि गॅलरीतल्या वेलीची पाने सकाळी काळपट, शिजल्यासारखी दिसतात. महिनोनमहिने हळूहळू येणारा फिकेपणा उपासमारीचा किंवा काळोखाचा. आणि आठवड्या दोन आठवड्यांत बुडापासून वर चढत जाणारा, मऊ, मलूल पिवळेपणा मुळांचा. मला सर्वांत जास्त घरांत दिसतो तो हाच.

येथे एक शंका आपल्या मनात आली असेल. जास्त पाण्याने वेल मरते म्हणता, मग तीच वेल बाटलीत नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षे कशी जगते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच सगळे मर्म आहे. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यांतून हवा खेळते. त्या पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद होते, कारण प्राणवायू हवेत ज्या गतीने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पटीने कमी गतीने तो पाण्यात पसरतो. त्यातून मातीत सेंद्रिय द्रव्य असते आणि त्यावर जगणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. असलेला प्राणवायू ते आधी संपवतात. मुळे गुदमरतात, दुबळी होतात, आणि पाण्यातच वाढणारे कुजीचे जीव त्यांच्यात शिरतात. बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात हे भागीदार फारसे नसतात, पाणी बदलताना ताजी हवा त्यात मिसळते, आणि पाण्यातच फुटलेली मुळे तशा राहणीला जुळवून घेतलेली असतात. त्याच बाटलीतले पाणी महिनाभर बदलले नाही आणि ते गढूळ झाले, तर तिथेही मुळे कुजतात. तेव्हा मुळांना मारतो तो पाण्याचा स्पर्श नव्हे, हवेचा अभाव.

गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणजे वेल पाण्यात उभी असून तहानलेली राहते. तिची पाने तहानलेल्या वेलीसारखीच मान टाकतात, आणि ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. हा फसवा सारखेपणा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाने पाहून भेद कळला नाही, तर माती पाहावी. तर्जनीची दोन पेरे मातीत जातील इतके बोट खुपसावे. आत कोरडे लागले आणि कुंडी उचलून हलकी वाटली, तर तहान. आत चिकट ओल लागली, कुंडी जड वाटली, वास आंबूस आला, तर मुळे संकटात आहेत.

काकूंच्या वेलीपाशी मी नेमके हेच केले. बोट मातीत घातले ते चिखलात गेले. कुंडी कलती करून बूड पाहिले, तर त्याला भोकच नव्हते. मग आम्ही वर्तमानपत्र पसरून वेल बाहेर काढली. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. येथे मुळे तपकिरी होती. चिमटीत धरून ओढले की साल हातात येई आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरे. काकू म्हणाल्या, "अहो, वाड्यातसुद्धा मी रोज तांब्याभर पाणी घालत होते. तिथं काही झालं नाही." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. वाड्यातला तो तेलाचा डबा बुडाशी गंजून त्याची चाळण झाली होती, आणि चौकात वारा आणि उजेड मोकळा होता. तोच तांब्या, तेच पाणी, तीच माया. बदलले होते ते बूड. चोथा, खिळे आणि खत यांपैकी कशानेही बुडाला भोक पडणार नव्हते. उलट दुखऱ्या मुळांवर खताच्या क्षारांचा मारा झाला आणि चोथ्यातल्या दूधसाखरेला मुंग्या लागल्या.

आता प्रतिबंध. कुंडीला भोक असावे हा पहिला नियम. देखणी बिनभोकाची कुंडी हवीच असेल, तर वेल साध्या कुंडीत लावून ती आत ठेवावी, आणि पाणी घालताना बाहेर काढावी. खालच्या ताटलीत साठलेले पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावे. कुंडी मुळांच्या मानाने फार मोठी घेऊ नये. रिकाम्या मातीतले पाणी कोणी पीत नाही आणि ते तिथेच मुरत राहते. रोपवाटिकेतली लाल माती एकटी वापरली तर पाण्याने दाबून विटेसारखी होते. तीत जाडी वाळू, नारळाचा भुसा आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून मूठ उघडताच मोकळी होईल अशी माती करावी.

दुसरा नियम, पाणी वारावर घालू नये, बोटावर घालावे. वैशाखात ज्या कुंडीला तिसऱ्या दिवशी पाणी लागते, तिलाच श्रावणात दहा दिवस लागणार नाही, कारण दमट हवेत आणि मंद उजेडात पाने पाणी थोडे वापरतात. कोपऱ्यातल्या वेलीला खिडकीतल्या वेलीपेक्षा कमी पाणी लागते. पण घालू तेव्हा बुडातून वाहीपर्यंत घालावे. रोजचे घोटभर पाणी वरची माती ओली ठेवते आणि क्षार साचवते.

तिसरा नियम उजेडाचा. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल अशी जागा या वेलीला मानवते. सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारचे चालत नाही. काळोखातून उजेडात नेताना आठदहा दिवसांत हळूहळू न्यावे. चौथा नियम खताचा. ते वाढीच्या दिवसांत, महिन्यातून एकदा, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे पातळ करून द्यावे, आणि आजारी वेलीला मुळीच देऊ नये. मॅग्नेशियमचे क्षारही, त्याचा तुटवडा असला तरच उपयोगी पडतात.

ज्यांची वेल बाटलीत आहे त्यांनी दर आठवड्याला पाणी पूर्ण बदलावे. ही सूचना वेलीपुरती नाही. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घरातल्या अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास होण्यास उबदार हवेत आठदहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात व कोरडी पडूनही महिनोनमहिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, बाटली आतून घासावी लागते. नगरपालिकांची माणसे कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगतात, त्यांत मनीप्लँटची बाटलीही येते. पाण्यातली वेल काही महिन्यांनी फिकी पडू लागली, तर ती भुकेची खूण असते. पाण्यात योग्य क्षार विरघळवून मातीवाचून झाड वाढवता येते हे जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी १८६० च्या सुमारास दाखविले. आपल्या बाटलीत महिन्यातून एकदा द्रवरूप खताचे दोनचार थेंब टाकले, तर तेवढे तिला पुरते.

आणि एवढे करूनही मुळे गेली असतील तर? येथे या वेलीचा एक स्वभाव आपल्या मदतीला येतो. आपण कोणी हिला फूल आलेले पाहिले नसेल. जिबरेलिन नावाचे जे संप्रेरक फुलण्यास हवे, ते घडवणाऱ्या एका जनुकाचे काम या वेलीत नीट होत नाही, आणि ते बाहेरून फवारले तर तिला फुले येऊ शकतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. फूल नाही म्हणून बी नाही. बी नाही म्हणून घरोघरची ही वेल कोणी तरी कोणाला दिलेल्या फांदीतूनच आलेली असते. मूरेआपासून आपल्या खिडकीपर्यंत ती हातोहात आली आहे. बुडाशी मूळ कुजले तरी वरचे एक पेर जिवंत असले की सारी वेल त्यातून पुन्हा उभी राहते. फक्त तुकड्यावर पेर हवे, जिथून पान फुटते आणि तपकिरी मुळाचा कोंब दिसतो ते. नुसते देठासकट पान पाण्यात ठेवले, तर त्याला मुळे फुटतील, पण वेल फुटणार नाही.

काकूंच्या वेलीचे आम्ही पाच तुकडे केले आणि ते पाण्यात ठेवले. दोन कुजले. तिघांना तीन आठवड्यांत पांढरी मुळे आली. पिवळी झालेली पाने मात्र हिरवी झाली नाहीत. पुरते पिवळे पडलेले पान सहसा परत हिरवे होत नाही. उपचार लागू पडला की नाही, हे जुन्या पानावरून पाहू नये. शेंड्याच्या नव्या पानावरून पाहावे, आणि त्याला महिनाभर तरी लागतो. तेवढा धीर धरवत नाही म्हणूनच आपण आठवड्याला एक उपचार बदलतो, आणि मग कशाने बरे वाटले व कशाने बिघडले, हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि थांबावे.

सासूबाईंची ती वेल आज भोकाच्या मातकट कुंडीत, पूर्वेच्या खिडकीशी आहे. काकूंची सवय काही मोडली नाही. रोज सकाळी त्या तांब्या भरून तिच्यापाशी येतात, मातीत बोट घालून पाहतात, आणि आठवड्यातले पाच दिवस तो तांब्या तसाच पुढे नेऊन गॅलरीतल्या तुळशीला घालतात.